ग्रुप फुटतो तेव्हा

रात्रीचे साडेदहा वाजले होते. अण्णा जेवून कट्ट्यावर बसले होते, मी आत भांडी आवरत होते, आणि मामेभावाचा फोटो आला. टेक्सासात तेव्हा भर दुपार. पांढऱ्या कागदावर नारिंगी ठिपका, त्याच्या आजूबाजूला पाच भोकं, आणि खाली एवढंच : ‘अक्का, ग्रुप फुटला. आठवडा झाला, कारण सापडंना.’

आम्ही दोघंही एनसीसीतून नेमबाजीकडे आलो. मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा तो पहिल्या वर्षाला. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस मीटर, उन्हानं तापलेल्या मुरुमावर पालथं पडून पाच राउंड. पाचही भोकं किती जवळ पडली यावर उस्ताद आमची लायकी ठरवायचे. ती मध्यभागी पडली की कोपऱ्यात, हे ते बघायचेच नाहीत. ‘जागा नंतर सुधारता येते, आधी पुंजका जमव,’ असं त्यांचं म्हणणं. या पुंजक्यालाच नेमबाज ग्रुप म्हणतात, आणि भोकं विखुरली की ग्रुप फुटला. मी पुढे इथंच राहिले, एअर रायफलकडे वळले, आणि आता एका छोट्या रेंजवर मुलांना शिकवते. तो नोकरीसाठी तिकडं गेला आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरायला शिकला.

आपल्याकडे हा प्रकार फारसा कुणी पाहिलेला नसतो. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. आमची टू-टूची काडतुसं तर पुन्हा भरण्याजोगी नसतातच. त्यांचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि एकदा पिन बसली की ती कड चेपते. थ्री-नॉट-एटसारख्या मोठ्या काडतुसाची प्रायमरची टोपी मात्र बुडाच्या मध्यभागी, वेगळी बसवलेली असते. बार उडाल्यावर पितळी केस शाबूत राहते. जुनी टोपी काढायची, केस साच्यातून दाबून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, मोजून पावडर घालायची आणि तोंडात गोळी बसवायची. चारच वस्तू : केस, प्रायमर, पावडर, गोळी. अमेरिकेत हे कायदेशीर आहे आणि हजारो लोक ते मन लावून करतात, कारण आपल्या रायफलच्या नळीला नेमकं काय मानवतं ते शोधता येतं.

मामेभावानं तीन वर्षं खपून ते शोधलं होतं. शंभर यार्डांवर त्याचे पाच राउंड दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जायचे. आता त्याच अंतरावर अडीच इंच. तळहात ठेवला तरच झाकलं जाईल एवढं.

मी फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, शेवटच्या चांगल्या ग्रुपनंतर काय काय बदललं?

यादी लांबत गेली. पावडरचा डबा संपला म्हणून नवा फोडला, नाव तेच पण लॉट वेगळा. प्रायमरचा खोका नवा. केस त्याच, पण सातव्यांदा भरलेल्या. मधे एका रविवारी रायफल स्टॉकमधून, म्हणजे लाकडी दस्त्यातून, काढून नळी आतून अगदी गोळ्यांच्या तांब्याचा अंश राहू नये अशी साफ केली. शिवाय जुलै महिना, पारा ३८वर. हे सगळं ग्रुप फुटायच्या आधीचं. फुटल्यानंतर घाबरून केलेलं वेगळंच : गोळी जरा आत बसवून पाहिली, पावडर थोडी कमी केली, मग दुसऱ्या वजनाची गोळी आणली. एकूण आठ गोष्टी हलल्या होत्या. आता एखादा ग्रुप चांगला आला असता तरी तो कशामुळं आला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या घाबरण्याचा मला मनापासून कळवळा येतो, कारण मी ते केलेलं आहे. त्याविषयी पुढं लिहिते.

अण्णांना ऐकू कमी येतं. पस्तीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात चादरीच्या मागांवर काढली, त्या खडखडाटानं कान गेले. (म्हणूनच माझ्या रेंजवर कानात बोळे घातल्याशिवाय कुणी उभं राहत नाही. थ्री-नॉट-एटचा आवाज तर दीडशे डेसिबलच्या वर जातो. त्या आवाजाची भीती एकदा अंगात बसली की ट्रिगर दाबायच्या आधीच खांदा आक्रसतो. तेही ग्रुप फुटण्याचं एक कारण असतं आणि काडतुसाच्या डोक्यावर त्याचं खापर फुटतं.) मी मोठ्यानं बोलत होते म्हणून त्यांनी काय झालं ते खुणेनं विचारलं. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोन लांब धरला आणि म्हणाले, “एकच कागद बघून काय कळणार गं? दहा आण. डाग कसा पडलाय ते बघ की.”

डाग कसा पडलाय. माझं बालपण या वाक्याखाली गेलं. मागावरून उतरलेली चादर अण्णा उजेडाकडे धरायचे आणि दोष दिसला की लगेच मागाकडे धावायचे नाहीत. आधी तो दोष कुठल्या दिशेनं चाललाय ते बघायचे. उभी रेघ लांबच लांब जात असेल तर ताण्यातला धागा तुटलाय, किंवा फणीचा दात वाकलाय. बीम बदलूनही रेघ त्याच जागी राहिली तर फणीच. आडवा पट्टा पडला असेल तर कांडी बदललीय, नव्या कांडीचं सूत जाड आहे किंवा रंगाचा लॉट वेगळा आहे. आणि दोष ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल, म्हणजे प्रत्येक मोराच्या मानेत एकच टाका चुकत असेल, तर नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांत एक पत्ता चुकीचा टोचलाय किंवा फाटलाय. कारण पत्त्यांची माळ फिरून फिरून तिथंच येते. दोषाचा आकारच कारण सांगतो. नवखा कामगार मात्र एकाच वेळी ताण सैल करायचा, धोटा बदलायचा, कांडी फेकायचा, आणि संध्याकाळपर्यंत चार नवे दोष कापडात विणून ठेवायचा.

भोकांनाही असाच आकार असतो. उभ्या रेषेत पसरली तर बहुतेकदा वेगात फरक आहे : एका गोळीला जास्त जोर, दुसरीला कमी. शंभर यार्डांवर ते थोडंच दिसतं, पुढं अंतर वाढेल तसं भरभर वाढत जातं. आडवी पसरली तर आधी वारा बघायचा, मग ट्रिगरवरचं बोट. नळी तापत जाईल तशी भोकं एकाच दिशेनं सरकत गेली, तर नळी कुठंतरी लाकडाला टेकतेय. आणि दोन वेगळे पुंजके पडले, दोन्ही आपापल्या परीनं घट्ट, तर काहीतरी दोन जागांमध्ये हलतंय. दुर्बिणीचा पाया, नाहीतर रायफल स्टॉकला धरून ठेवणारे स्क्रू, नाहीतर दुर्बिणीच्या आतलंच काही.

मी त्याला आठवड्यातले सगळे कागद पाठवायला सांगितले. अकरा आले. स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन ठेवून आम्ही बापलेक ते बघत बसलो. चौथ्या कागदावर अण्णांनी बोट ठेवलं. तीन भोकं एकत्र, डावीकडं दोन एकत्र. सातव्या कागदावर तेच, नवव्यावरही तेच. प्रत्येकाचा ग्रुप अडीच इंचांचा मोजला होता, पण खरं तर ते दोन लहान ग्रुप होते.

तरी मी लगेच स्क्रूवर आले नाही. आधी काडतुसं आणि रायफल वेगळी करायला हवी होती. “जुन्या भरणीतलं काही उरलंय का?” मी विचारलं. त्याच्याकडं अठरा काडतुसं होती, फेब्रुवारीत भरलेली, चांगल्या दिवसांतली. शिवाय दुकानातून आणलेला स्पर्धेच्या दर्जाचा एक खोका. दुसऱ्या शनिवारी त्यानं जुन्यांतली दहा आणि दुकानातली दहा मारली. दोन्हींचे ग्रुप फुटले, दोन-दोन पुंजक्यांतच. पावडरचा नवा लॉट, नवे प्रायमर, सातव्यांदा भरलेली केस यांतलं काहीही त्या वीस काडतुसांत नव्हतं. म्हणजे निदान मोठा दोष काडतुसात नव्हता. आठवडाभर तो ज्याच्याशी झगडत होता, तिथं तो दोष नव्हताच.

मग स्क्रू. दुर्बिणीचे घट्ट होते. रायफलचा पुढचा स्क्रू मात्र पाव फेऱ्याहून जास्त फिरला. साफ करायला रायफल स्टॉकमधून काढली तेव्हा परत बसवताना अंदाजानं आवळला होता. बनवणाऱ्यानं दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क रेंचनं, म्हणजे मोजून आवळणाऱ्या पान्यानं, दोन्ही स्क्रू बसवले आणि ग्रुप अडीच इंचांवरून सव्वावर आला. दोन पुंजके गेले.

सव्वा इंच म्हणजे बहुतेकांना पुरे. पण त्याला एक इंच माहीत होता.

इथं मला थोडं मागं जायला हवं. १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य पदक घेतलं आणि आमच्या चार लेनच्या रेंजवर एकाएकी गर्दी झाली. त्या गर्दीच्या आधीपासून येणारी एक मुलगी होती, चौदा वर्षांची, वडील टॉवेलच्या कारखान्यात. साठ शॉट्समध्ये ती ६१२च्या आसपास मारायची. दिवाळीनंतर ती ५९०वर आली आणि तिथंच अडकली. त्याच सुमाराला आम्ही छऱ्यांचा नवा डबा उघडला होता, म्हणून मी छऱ्यांना दोष दिला. छऱ्याचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा मापांत मिळतं आणि एकेका नळीला एकेक मानवतं, हे खरं आहे. मी तिच्या वडिलांना दुसऱ्या मापाचा डबा आणायला सांगितलं, मग तिसऱ्या. त्यांनी आणले. कुठून पैसे काढले, मी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी मी रायफल शिकंज्यात आवळून पहिल्याच डब्यातले दहा छरे मारले. दहा मीटरवर एकच भोक पडलं, छऱ्याहून जेमतेम मोठं. रायफल ठीक, छरे ठीक. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मग मी तिचे कागद ओळीनं मांडले. भोकं उभ्या रेषेत होती, वर-खाली. मी तिला उभं केलं, जॅकेट घालायला सांगितलं, आणि बाही मनगटाच्या बरीच वर राहिली. पावसाळ्यात मुलगी उंच झाली होती. बुटाचं टोक जिथं ठेवायचं ती खडूची खूण, गालाखालची पट्टी, खांद्याचा टेकू, सगळं जुन्या उंचीचं. रायफल आपोआप निशाण्याच्या खाली येत होती आणि ती प्रत्येक वेळी दंडाच्या जोरानं वर उचलत होती. साठ वेळा, रोज. आम्ही टेकू आणि पट्टी सरकवली, खूण नव्यानं आखली. दोन आठवड्यांत ती ६१०च्या पुढं गेली. ते दोन डबे मी वडिलांकडून विकत घेतले. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

अथेन्सला २००४मध्ये अभिनव बिंद्रा पात्रता फेरीत तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. त्याच्या लेनमधली पायाखालची फरशी सैल होती, असं त्यानं पुढे सांगितलं. चार वर्षांनी बीजिंगला त्यानं सुवर्ण घेतलं. मी त्या फरशीचा विचार फार करते. जगातली उत्तम रायफल, निवडून घेतलेले छरे, आणि दोष पायाखाली.

तर सव्वा इंच. आता उरलेला पसारा बहुतांश उभा होता. मामेभावाकडे गोळीचा वेग मोजायचं यंत्र होतं. दहा गोळ्यांच्या वेगांतला फरक पूर्वीच्या नोंदींपेक्षा दुपटीहून जास्त निघाला. आता काडतुसांकडे बघायची पाळी होती, पण या वेळी एकेक गोष्ट.

काटा आधी. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. आमच्या सराफाकडं सोनं तोलताना पंखा बंद करतात, हे त्यालाही माहीत होतं, पण त्याचा डिजिटल काटा एसीच्या झोताखाली होता. जागा बदलली, काटा अर्धा तास चालू ठेवून स्थिरावू दिला, ठरलेल्या वजनानं तपासला. फरक थोडा कमी झाला, गेला नाही.

मग पावडरचा लॉट. एकाच नावाच्या पावडरीचे दोन लॉट जवळपास सारखे असतात, हुबेहूब नाही. म्हणून जाणकार माणूस नव्या डब्याशी जुन्या वजनावरून सुरुवात करत नाही. पुस्तकातल्या सुरुवातीच्या कमी वजनापासून पुन्हा हळूहळू वर चढतो. इथं ग्रुपचा प्रश्न मागे पडतो, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होणाऱ्या स्फोटाचा प्रश्न पुढे येतो. त्यानं ही पायरी गाळली होती. त्या रात्री मी त्याला रागावले. त्या चुकीचं अचूकतेशी घेणंदेणं नसतं तरी रागावले असते. नंतर त्यानं ती नीट केली.

शेवटी केस. सात वेळा भरलेली. प्रत्येक बाराला केसची मान, म्हणजे गोळी धरणारा वरचा भाग, फुगते, प्रत्येक वेळी साच्यात दाबून ती आवळली जाते. फुगणं-आवळणं यानं पितळ कडक होत जातं. तांबट हंडा ठोकताना मधेच भट्टीत घालतो ते याचसाठी. न तापवता ठोकत राहिलं तर धातू कडक होतो आणि अखेर तडकतो. मान कडक झाली की साच्यातून निघाल्यावर ती थोडी उसळून परत येते, आणि प्रत्येक केसची वेगळ्या प्रमाणात. मग एक गोळी घट्ट धरलेली, दुसरी सैल. सैल गोळी जरा आधी सुटते, घट्ट जरा उशिरा. दाब बदलतो, वेग बदलतो, भोकं उभ्या रेषेत पसरतात. त्याला गोळी बसवतानाच हाताला ते जाणवत होतं. “काही केसमध्ये गोळी अलगद जाते, काहींत जोर लावावा लागतो,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. आम्ही दोघांनीही ते ऐकून सोडून दिलं.

माना तापवून नरम करता येतात, फक्त मान आणि तिच्याखालचा उतरता भाग, म्हणजे केसचा खांदा. बुडाला आच लागून चालत नाही, कारण दाब पेलतं ते बूड आणि ते कडकच राहायला हवं. त्याला ते यंत्र घ्यायचं नव्हतं, म्हणून नव्या पन्नास केस आणल्या. बाकी सगळं तेच ठेवलं. वेगातला फरक जुन्या जागी आला.

पहिला ग्रुप पाऊण इंच. त्यानं आनंदानं फोन केला. दुसरा सव्वा. तो पुन्हा खचला आणि गोळी थोडी पुढं बसवून बघू का, असं विचारायला लागला. यावर आमचं खरं भांडण झालं. एकाच खोक्यातल्या पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप काढले तर एक दुसऱ्याच्या दीडपट निघणं निव्वळ योगायोगानंही होतं. तीन-तीन गोळ्यांचं तर विचारूच नये. एका ग्रुपवर हसायचं नाही, एका ग्रुपवर रडायचं नाही. काही न बदलता आणखी चार काढ, मग बोल. त्यानं काढले. सहांची सरासरी एक इंचाला जरा वर आली. नळीतून दोनेक हजार गोळ्या गेल्यात, तिच्या आतला घसा थोडा झिजला असेल, म्हणून तो ‘जरा वर’ असेल. किंवा नसेल. तेवढं आम्ही सोडून दिलं.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं, अर्धं बोलून, अर्धं कागदावर लिहून. त्यांनी खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. त्यांच्या हातून उतरलेल्या प्रत्येक नक्षीचा वीतभर तुकडा त्यात आहे, कोपऱ्यात शाईनं तारीख आणि सुताचा नंबर लिहिलेला. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी तेवढंच घरी आणलं. नवा माल उतरला की ते जुना तुकडा शेजारी ठेवायचे. त्यांनी मोराचा एक निळा तुकडा काढला, अंगठा त्यावरून फिरवला आणि विचारलं, “त्याच्याकडं जुनी किती उरलीत?”

अठरातली दहा मारली होती. आठ.

“मारू नको म्हणावं.”

मी तसं कळवलं. सकाळी त्याचा फोटो आला. प्लॅस्टिकच्या डबीत आठ काडतुसं, डबीवर मार्करनं फेब्रुवारीची तारीख, पावडरचा लॉट, केसची कितवी भरण, आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरांत : अण्णांची.

मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून नीट वाचलं आणि स्क्रूचं माप का नाही लिहिलं, असं विचारलं.